डायना मॉरिसचे मौन : व्हिक्टोरियन कादंबरी, धर्म आणि स्त्रीवादी समीक्षा

जॉर्ज एलियटच्या 'ॲडम बीड' (१८५९) या कादंबरीच्या दुसऱ्याच प्रकरणात डायना मॉरिस ही सूतगिरणीत राबणारी मेथडिस्ट तरुणी गावच्या हिरवळीवर उभी राहून प्रवचन करते. उपसंहारात, १८०७ साली, ती ॲडमची पत्नी आहे. मेथडिस्ट परिषदेने स्त्रियांच्या प्रवचनांवर घातलेली बंदी तिने मान्य केली आहे, आणि आता ती लोकांच्या घरी जाऊन चार शब्द बोलते, इतकेच. या मौनाचे काय करायचे, हा प्रश्न इंग्रजी समीक्षेने बराच काळ बाजूला ठेवला होता.

१९७९ साली दोन महत्त्वाचे ग्रंथ प्रसिद्ध झाले. सँड्रा गिल्बर्ट आणि सुझन गुबार यांच्या ग्रंथात धर्म येतो तो प्रामुख्याने पितृसत्ताक पुराणकथेच्या, विशेषतः मिल्टनच्या, दडपणाच्या रूपाने. एलिझाबेथ जे यांनी अँग्लिकन इव्हँजेलिकल पंथ आणि कादंबरी यांचा सिद्धान्तांच्या तपशिलात शिरून अभ्यास केला; पण लिंगभाव हा त्यांचा मध्यवर्ती प्रश्न नव्हता. एकीकडे स्त्री होती आणि धर्म केवळ बेडी होता. दुसरीकडे धर्म होता आणि स्त्री ओघाने येत होती.

क्रिस्टीन क्रूगर यांचा १९९२ चा ग्रंथ ही कोंडी फोडतो. अठराव्या शतकातील मेथडिस्ट स्त्री-प्रवचनकारांना 'ईश्वरी हाक' या एकाच आधारावर जाहीर वाणीचा अधिकार मिळाला. हॅना मोर, शार्लट एलिझाबेथ टोना, गॅस्केल आणि एलियट यांनी तोच अधिकार लेखनात वापरला आणि वाचकाला पश्चात्तापाला भाग पाडले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. लेखिकांच्या परंपरेचा उगम दिवाणखान्याऐवजी सभेत शोधणे, हे या मांडणीचे खरे धाडस होय. (मराठी वाचकाला येथे बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' (१८५७) आठवल्यावाचून राहणार नाही. इव्हँजेलिकल प्रेरणेतूनच तेथे विधवांचे दुःख कादंबरीचा विषय होते, आणि यमुनेचीही कथा पुनर्विवाहापाशी थांबते.)

मात्र डायनाच्या मौनाचा उलगडा केवळ वक्तृत्वाच्या परंपरेने होत नाही. १८०३ च्या परिषदेने स्त्रियांची वाणी संपूर्णपणे बंद केली नव्हती; असामान्य हाक असलेल्या स्त्रीला, परवानगी घेऊन, फक्त स्त्रियांपुढे बोलता येत होते. शिवाय डायनाचे बीज जिच्यात सापडते ती एलियटची चुलती एलिझाबेथ इव्हान्स हिने बंदीपुढे मान तुकवली नाही. वेस्लियन संघ सोडून ती दुसऱ्या मेथडिस्ट शाखेत गेली. उपसंहारात सेथ नेमका हाच मार्ग सुचवतो, ॲडम त्याला विरोध करतो, आणि कादंबरी ॲडमच्या बाजूला झुकते. म्हणजे एलियटने हाती असलेली हकीकत जाणूनबुजून उलटवली.

का, याचे उत्तर तिच्या अश्रद्धेत शोधावे लागते. १८४२ मध्ये वडिलांबरोबर चर्चला जाण्यास नकार देणारी, १८५४ मध्ये फॉयरबाखचे भाषांतर करणारी ही लेखिका डायनाच्या ईश्वरात मानवी करुणेचेच प्रक्षेपण पाहते. करुणा घरातही नांदू शकते. मग व्यासपीठ गेले तर तिच्या लेखी मोठेसे काय गेले? परिषदेचा कर्मठपणा आणि एलियटचा मानवतावाद या एका ठिकाणी, वेगवेगळ्या वाटांनी, सारख्याच निर्णयाला पोहोचतात. स्त्रीच्या वाणीला श्रद्धेने जे दिले, ते उदारमतवादी विवेकाने काढून घेतले, हा निष्कर्ष स्त्रीवादी समीक्षेला गैरसोयीचा असला तरी टाळता येण्यासारखा नाही.

तरीही 'घरी जाऊन बोलणे' याला क्षुल्लक मानण्यात घाई होते. इतिहासकार डेबोरा व्हॅलेन्झ यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की श्रमिकांच्या झोपडीतील बैठक हेच लोकधर्माचे मुख्य पीठ होते आणि प्रिमिटिव्ह मेथडिस्टांच्या स्त्रिया तेथूनच पुढे आल्या. कादंबरीतील सर्वात प्रभावी संवादही हिरवळीवरचा नाही. तो तुरुंगाच्या कोठडीत, बालहत्येसाठी दोषी ठरलेल्या हेटीशी होतो. त्यामागे चुलतीचा अनुभव आहे : १८०२ मध्ये नॉटिंगहॅम येथे मेरी व्होस या स्त्रीला अशाच गुन्ह्यासाठी फाशी झाली, तेव्हा एलिझाबेथने तिच्यासोबत कोठडीत रात्र काढली आणि वधस्तंभापर्यंत ती गाडीत तिच्या शेजारी बसून गेली.