मातीतलं मीठ: जिभेपासून मीटरपर्यंत

आमच्या नीरा खोऱ्यात जुन्या बायका शेताची माती चिमूटभर जिभेला लावून बघायच्या. खारट लागली की ओळखायच्या, इथं मीठ फुटलं. ओल्यात चिकट आणि सुकल्यावर दगडासारखी झाली, की म्हणायच्या चोपण.

हे मीठ पाटाच्या पाण्यामागून आलं. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा खोदला, १८८५ च्या सुमारास पाणी सुटलं. ते ज्वारी-बाजरी जगवायला होतं, पण ऊस आला. (पाणी दारात आल्यावर बाजरीवर कोण थांबतं?) पाणी मुरत राहिलं, निचऱ्याला चर नव्हते, आणि जमिनीखालचं पाणी वर चढलं. दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं ते उन्हाळ्यात वर येतं, उडून जातं, मीठ तेवढं मागं ठेवतं. हॅरॉल्ड मॅन आणि ताम्हणे यांनी १९१० मध्ये या खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर पुस्तिकाच लिहिली.

त्या काळची रीत सरळ होती. माती पाण्यात ढवळायची, पाणी गाळून आटवायचं, तळाशी राहिलेलं तोलायचं. पुढं विजेची रीत आली, कारण खाऱ्या पाण्यातून वीज जास्त वाहते. आता पेनाएवढा ईसी मीटर शेतातच आकडा दाखवतो.

आम्ही तिथंच फसलो. बचत गटानं एकरभर जमीन खंडानं घेतली. पावसाळा सरता सरता वरची चार बोटं माती घेतली, एक भाग मातीत दोन भाग शुद्ध पाणी घालून मीटर बुडवला. आकडा दीड. चारच्या आत म्हणजे चांगली, असं ऐकलं होतं. वांगी लावली. चैत्रात पानांच्या कडा करपल्या, सरीचे वरंबे पांढरे झाले. गटाचे पैसे गेले ते गेलेच.

चूक दोन ठिकाणी होती. चारचा आकडा अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या क्षार प्रयोगशाळेनं १९५४ च्या पुस्तकात दिला, तो माती जेमतेम भिजवून काढलेल्या पाण्याचा. आम्ही दुप्पट पाणी घातलेलं. ताकात पाणी वाढवलं की मीठ कमी लागणारच! दुसरं, पावसानं मीठ खाली धुऊन नेलं होतं, आणि आम्ही वरचीच माती तपासली.

यंदा जमीन बघताना उन्हाळ्यात गेलो. वीत, हात आणि दोन हात खोलीवरची माती वेगवेगळी घेतली, पिशवीवर खोली लिहिली. चोपणाची शंका होती तिथली माती प्रयोगशाळेत पाठवली, कारण चोपणातला सोडियम या मीटरला दिसत नाही.