होडीच्या पोटातली तुळई

बीड म्हटलं की लोकांना दुष्काळ आठवतो, टँकर आठवतो, ऊसतोडीला निघालेलं बिऱ्हाड आठवतं. ते खोटं नाही. पण आमच्या जिल्ह्याची उत्तरेची शीव गोदावरीनं आखलेली आहे. गेवराई, माजलगाव, परळी या तालुक्यांच्या अंगानं ती वाहते. पल्याड जालना आन् परभणी. त्यामुळं पाणी उतरून जायचं कसं, हा प्रश्न आमच्याकडं जुनाच.

गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी लढाई झाली, ती या प्रश्नावरच फिरली. पावसाळ्याचे दिवस, गोदावरीला पूर. निजाम काही फौज घेऊन नदी उतरून पल्याड गेलेला आन् त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अल्याड अडकलेला. अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यानं तेवढ्यात गाठलं. दिवाण मारला गेला, निजामाला पुरातून माघारी येऊन मदत करता आली नाही. इतिहासाच्या पुस्तकात तलवारी असतात, नावा नसतात. नदीकाठच्या माणसाला मात्र त्या लढाईत आधी पूर दिसतो.

आमच्या लहानपणी ओढ्यानाल्याला पाणी आलं की भोपळ्याची सांगड बांधायचे. गुऱ्हाळाची काहील पाण्यात लोटून तिच्यात बाळंतीण, म्हातारं माणूस बसवायचे. नदीला भोई लोकांच्या लाकडी नावा होत्या. मग धरणं आली. पैठणचं जायकवाडी १९७६ साली पुरं झालं. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणेवर माजलगावचं धरण १९८७ मध्ये उभं राहिलं. रानं भिजली, ऊस वाढला, हे मान्यच. पण फुगवट्याच्या काठी ज्यांचं घर अल्याड आन् शेत पल्याड पडलं, त्यांना बैलगाडीच्या जागी होडी घ्यावी लागली. सरकी पेरायला होडी, कापूस वेचायला होडी, दुधाची किटली घेऊन होडी.

पहिल्या होड्या लाकडाच्या होत्या. पुढं लाकूड महागलं, डांबर-तेलपाणी करणारी माणसं कमी झाली, आन् फायबरची होडी आली. हे फायबर म्हणजे काचेचे बारीक धागे आन् त्यांना बांधून ठेवणारं रेझिन. काचेचे असे धागे अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात कारखान्यात निघू लागले. १९४२ च्या सुमारास ओहायो राज्यातल्या रे ग्रीन या होडीवाल्यानं त्यांची होडी करून पाहिली. तिथून ती विद्या जगभर फिरली, आपल्या कोकण किनाऱ्यावर आली आन् शेवटी धरणाच्या पाण्यावरही आली. गंज नाही, वाळवी नाही, वजनाला हलकी. लोकांना वाटलं, सुतार सुटला.

पण एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. फायबरचं कवच बोटभरही जाड नसतं. एकटं ते कोंबडीच्या अंड्यागत. त्याला ताठ ठेवायला आत लांबीला आन् रुंदीला लाकडाचा सांगाडा घालतात, त्यावरून फायबर फिरवून झाकून टाकतात. मागं इंजिन अडकवायची फळीसुद्धा आतून लाकूडच. वरून दिसतं सगळं फायबर.

आमच्या काठावर अशी एक होडी होती. जुनीच विकत घेतलेली. दहा-बारा बाया वेचणीला तिच्यातून जायच्या, शाळेची लेकरंही असायची. दोन-तीन वर्षांत पाय दिला की तळ दबायला लागला. इंजिनाची फळी हलायची. लाट आली की तळ श्वास घेतल्यागत वरखाली व्हायचा. बाहेरून एक चीर नाही. २०१९ च्या दुष्काळात धरणाचं पाणी तळाला गेलं, होडी चिखलात बसली, तेव्हा तिला बघायला सवड झाली.

टाक्या-दारं जोडणारा एक फायबरवाला पोरगा तालुक्याहून आणला आन् गावातले सुतार आबा बोलावले. आबांचं वय ऐंशीच्या घरात. तिफणी, बैलगाडीची चाकं, उंबरे करण्यात जन्म गेलेला. खळ्यावर बलुतं घेतलेला तो शेवटचा माणूस. टायरच्या गाड्या आल्या, लोखंडी पेरणीयंत्र आलं, आन् वाकस अडगळीत पडलं.

आबांनी हातोडीनं ठोकत ठोकत होडीभर फिरून खडूनं खुणा केल्या. चांगल्या जागी टणक आवाज, कुजक्या जागी मुका. मग म्हणाले, "तात्या, हिच्या बरगड्या मेल्यात. कातडं तेवढं जित्तं हाय."

ग्राइंडरनं फायबरची वरची साल कापली. आत लाकूड नव्हतंच, काळा ओला चोथा होता, हातानं उपसावा असा. पोरगं चक्रावलं, "झाकलेलं असून कुजलं कसं?" आबा म्हणाले, "झाकलं म्हणूनच."

आम्हा शेतकऱ्यांना हे रोज दिसतं, पण ध्यानात येत नाही. बाभळीचं लाकूड पूर्वी मुद्दाम महिनोन्‌महिने पाण्यात मुरवायचे, ते कुजायचं नाही, उलट किडीपासून वाचायचं. माळवदाचं लाकूड कोरडं राहायचं, तेही पिढ्या टिकायचं. मांडवाची मेढ मात्र बरोबर जमिनीच्या कडेला कुजते, जिथं ओलही आहे आन् हवाही. लाकडातला ओलावा साधारण वीस टक्क्यांखाली राहिला तर बुरशी त्याला खाऊ शकत नाही. होडीत कुणीतरी बाक बसवायला स्क्रू मारले होते. त्या भोकांतून पाणी आत गेलं आन् बाहेर यायला वाट नव्हती.

नवा सांगाडा घालताना घाई चालत नाही. आधी होडी वाळूच्या पोत्यांवर समपातळीत टेकवली. सगळ्या बरगड्या एकदम काढल्या तर कवच आपला आकार सोडतं, म्हणून एक काढायची, ती बसवायची, मग दुसरी. जुनी साल खरवडून आठवडाभर उन्हात सुकवली. बीडचा मे महिना इथं उपयोगी पडला. पुठ्ठा कापून तळाच्या वळणाचे माप घेतले.

लाकूड कुठलं, यावर वाद झाला. आबांना सागवान हवं, पोरगं म्हणे सागात तेल असतं, रेझिन नीट धरत नाही. दोघंही बरोबर. शेवटी आडव्या बरगड्यांना आन् इंजिनाच्या फळीला मरीन प्लाय घेतला, आन् लांबीच्या दोन कण्यांना आमच्या जुन्या वाड्याची सागाची तुळई. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर भीतीनं कितीतरी माळवदं लोकांनी उतरवली, त्यात आमचंही होतं. तेव्हापासून ती तुळई गोठ्यात पडून होती. आबांनी ती चिरली तर आतून मधाच्या रंगाची निघाली. खरखरीत कागदानं घासून, थिनरनं तेल पुसून मगच वापरली.

प्रत्येक तुकड्याला आधी पातळ रेझिन पाजलं, टोकांना जास्त, कारण लाकूड टोकानं पाणी पितं. खाली लांबीसारखा लगदा घालून पोकळी न ठेवता बसवलं. कोपरे गोल केले. त्यावर फायबरच्या पट्ट्या, एकीपेक्षा दुसरी रुंद. दुपारी हार्डनर घातला की रेझिन डब्यातच दगड व्हायचं, म्हणून काम पहाटेचं. काचेच्या धुळीनं अंगाला खाजकुयली लागल्यागत व्हायचं, तोंडाला फडकं बांधूनच बसायचो. पाणी साचू नये म्हणून तळाला वाटा ठेवल्या. जिथं बोल्ट लागणार तिथं मोठं भोक पाडून रेझिननं भरलं आन् त्या रेझिनात बारीक भोक पाडलं, म्हणजे लाकडाला पाणी भेटायलाच नको.

आबांनी पैसे घेतले ते मोजकेच, पण दोन पायल्या ज्वारी मागून घेतली. म्हणाले, "मजुरी झाली, आता बलुतं द्या." घरातली माणसं हसली, मला हसू आलं नाही.

आबा आता नाहीत. त्या फायबरवाल्या पोरानं मात्र त्यांच्याकडून ठोकून आवाज ऐकायचं शिकून घेतलं. फुगवट्याच्या काठी कुणी फायबरची होडी घेत असेल तर तिचा रंग बघू नये. आत लाकूड कुठं आहे ते विचारावं, हातोडी घेऊन सगळा तळ ठोकावा, आन् बाक, हूक, खिळा लावायचा असेल तर भोकाचा बंदोबस्त आधी करावा. आमच्या होडीला उन्हाळ्यात पाणी उतरलं की दरसाल असं तपासतात. बाया अजून तिच्यातूनच वेचणीला जातात.