विदर्भातील प्राचीन लोखंड आणि कणमापनाचे यंत्र
विदर्भातील महापाषाणयुगीन लोखंडाविषयीचे आपले ज्ञान बव्हंशी नागपूर जिल्ह्यातील उत्खननांवर आधारलेले आहे. नायकुंड येथे 1978-80 च्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. माहुरझरीच्या पोलादी छिन्नीचा धातुशास्त्रीय अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. लोखंड किती तापवले, किती ठोकले, कसे थंड केले, याच्या खुणा धातूच्या स्फटिककणांत राहतात. म्हणून कणांचा आकार हे इतिहासाचेही साधन होय.

शेफील्डच्या हेन्री सॉर्बीने 1863-64 मध्ये पोलादाची अंतर्रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पुढे प्रतिमेवर रेषा आखून ती किती कणसीमा छेदते, हे हातानेच मोजले जाई. 1963 च्या केंब्रिजनिर्मित ‘क्वांटिमेट’पासून हे काम हळूहळू यंत्राकडे गेले, स्वयंचलित मोजणीसाठी एएसटीएम या अमेरिकन संस्थेचे ‘ई 1382’ हे मानक 1991 मध्ये आले.

परंतु यंत्र गडद रेषा ओळखते. ती कणसीमाच आहे काय, हे अभ्यासकाने ठरवावयाचे असते. प्राचीन लोखंडात ठोकताना लांबलेली धातुमळी असते आणि तीही गडदच दिसते. शिवाय एकाच हत्याराच्या धारेत कार्बन अधिक व गाभ्यात कमी असू शकतो. अशा वेळी सरासरी आकडा लोहाराचे कौशल्यच झाकून टाकतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. यवतमाळसारख्या जिल्ह्यातील इतिहासाच्या अध्यापकाने अहवालातील कणांक उद्धृत करण्यापूर्वी, नमुना वस्तूच्या कोणत्या भागातून कापला होता, हे अवश्य पाहावे.