'ढ' मुलांचे दोन तास

आमच्या हट्ट्यात 'जादा तास' म्हटले की दहावीचा वर्ग आठवतो. तिसरी-चौथीत वाचन-गणितात मागे पडलेल्या मुलाच्या वाट्याला येतो तो 'ढ' हा एकाक्षरी शिक्का. हा शिक्का कितपत खरा, याची नेटकी तपासणी मुंबईत झाली.

१९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने महापालिकेच्या शाळांत 'बालसखी' नेमल्या. या वस्तीतल्याच, शालान्त शिकलेल्या तरुणी. मागे पडलेली १५-२० मुले त्या रोज दोन तास वेगळी बसवत आणि अक्षरे-अंकांपासून आरंभ करत. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई व बडोद्यातील शाळांत याचा परिणाम मोजला. कोणत्या वर्गाला बालसखी मिळणार, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले होते. बालसखीकडे बसलेल्या मुलांचे गुण वाढले. मूळ वर्गात उरलेल्यांना मात्र, वर्ग लहान होऊनही, फारसा फरक पडला नाही.

खरी मेख इथेच आहे. हे दोन तास शाळेच्या वेळेतलेच होते. दिवस लांबला नव्हता. मूल जिथे अडले तिथून शिकवणे सुरू झाले, एवढाच बदल. म्हणून शाळा सुटल्यावर तेच पान पुन्हा घोकून घेणाऱ्या जादा तासांकडून मी फारशी आशा धरत नाही. चौथीतल्या मुलाला वजाबाकी येत नसेल, तर भागाकार बाजूला ठेवण्याची मुभा गुरुजींना हवी. ती मिळाली, तर 'ढ' म्हणून बाकावर मागे बसवलेली कितीतरी मुले वाचू लागतील.