एका विमानाचे दोन नंबर

नगरमध्ये जुन्या युद्धयंत्रांचा विषय निघाला की आधी रणगाडा संग्रहालय आठवतं. पण तिथून साधारण १२० किलोमीटरवर, पुण्यात, दुसऱ्या महायुद्धातली जड बॉम्बफेकी विमानं पार १९६०च्या दशकापर्यंत वापरात होती. विमानाचं नाव लिबरेटर: अमेरिकी बनावट, चार इंजिनं. त्यातल्या एकाच विमानाचा कागदोपत्री माग काढला, तर संशोधनातला एक महत्त्वाचा मुद्दा हाती लागतो.

जपानविरुद्धच्या युद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या लिबरेटर स्क्वाड्रन बंगालमध्ये होत्या. ९९ स्क्वाड्रनचा तळ होता नदिया जिल्ह्यातलं धुबुलिया. तिथून ब्रह्मदेशातल्या रेल्वेमार्गांवर बॉम्बहल्ले होत. १९४५ मध्ये ही स्क्वाड्रन कोकोस बेटांवर गेली. केएन ७५१ हे तिचंच विमान.

प्रत्येक स्क्वाड्रनला उड्डाणांची नोंदवही ठेवावी लागे: कोणतं विमान, कोणते वैमानिक, कधी उडाले, कधी परतले. या वह्या आज लंडनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत. इतका बारीक तपशील हाती आला की वाटतं, झालं, सगळं मिळालं! पण वही स्क्वाड्रनची असते, विमानाची नव्हे. स्क्वाड्रनने विमान सोडलं की नोंद थांबते.

विमान मात्र थांबलं नाही. ही विमानं अमेरिकेने लेंड-लीज करारावर, म्हणजे युद्धापुरती वापरायला, दिली होती. युद्ध संपल्यावर ती तशीच ठेवून घेता येत नव्हती. म्हणून कानपूरला कितीतरी लिबरेटर मुद्दाम मोडतोड करून टाकून दिली गेली. स्वातंत्र्यानंतर हिंदुस्थान एअरक्राफ्टने त्यातली चाळीसेक विमानं पुन्हा उडती केली. कानपूरहून ती बंगळूरला उडवत नेली चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी. नोव्हेंबर १९४८ मध्ये भारतीय हवाई दलाची ५ स्क्वाड्रन याच विमानांवर उभी राहिली, तर १९५१ मध्ये पुण्यात ६ स्क्वाड्रन. तिथे केएन ७५१ चा नवा नंबर होता एचई ८०७. १९७४ मध्ये भारताने ते ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयाला भेट दिलं.

आता बघा. फक्त पहिला नंबर शोधला, तर गोष्ट कानपूरच्या भंगारात संपते. फक्त दुसरा शोधला, तर ती भारतीय हवाई दलापासून सुरू होते. दोन्हींत खोटं काही नाही, पण मधले कारागीर दोन्हींतून निसटतात. मोडकं विमान उडतं करणारे हात ना ब्रिटिश स्क्वाड्रनच्या वहीत, ना भारतीय स्क्वाड्रनच्या.

प्रयोगशाळेत नमुन्याचं लेबल बदललं, तर आपण जुनं-नवं दोन्ही लिहून ठेवतो. दप्तरातही तेच करा. नोंद तुटली की लगेच ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहू नका. आधी विचारा: ही नोंद कोण ठेवत होतं, आणि त्याने ती का थांबवली? मालकी बदलली असेल, तर पुढचा कागद दुसऱ्याच्या कपाटात असतो.