नऊ चौकटींची कुळकथा

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ सुरू होण्याआधी प्रत्येक खेळाडू आपल्या पात्राच्या कागदावर दोन गोष्टी लिहितो. पहिली 'क्लास', म्हणजे त्या पात्राचा पेशा: लढवय्या, जादूगार, क्लेरिक, चोर, पॅलाडिन वगैरे. दुसरी 'अलाइनमेंट', म्हणजे त्याचा कल. अलाइनमेंट दोन अक्षांवर ठरते. एका अक्षावर व्यवस्था, तटस्थता आणि बेबंदी. दुसऱ्यावर चांगुलपणा, तटस्थता आणि दुष्टपणा. तीन गुणिले तीन अशा नऊ चौकटी होतात आणि 'लॉफुल गुड'पासून 'केऑटिक ईव्हिल'पर्यंत प्रत्येकीला नाव आहे. पात्राला काय करता येते हे क्लास सांगतो; ते काय करायला धजावेल आणि काय करणार नाही हे अलाइनमेंट सांगते. ही नऊ चौकटींची मांडणी आता खेळाबाहेरही पसरली आहे. चित्रपट-मालिकांतली पात्रे, राजकारणी, इतकेच काय पावाचे प्रकारसुद्धा लोक तिच्यात बसवतात. स्वभावाचे वर्गीकरण म्हणून ती सगळ्यांना ओळखीची झाली असली, तरी तिचा जन्म युद्धखेळातल्या फौजांच्या यादीत झाला.

यादीच्याही आधी दोन लेखक येतात. अमेरिकन लेखक पोल अँडरसन यांची 'थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स' ही कथा 1953 मध्ये मासिकातून आणि 1961 मध्ये विस्तारित कादंबरी म्हणून आली. होल्गर कार्लसन हा डॅनिश अभियंता दुसऱ्या महायुद्धात नाझींशी लढता लढता एका निराळ्याच जगात जाऊन पडतो. त्या जगात माणसांची वस्ती व्यवस्थेच्या बाजूने आहे, तर परीलोक आणि त्यातले मायावी जीव बेबंदीच्या बाजूने. दोन्ही बाजूंमधली सीमा सतत सरकत असते. होल्गरला शेवटी कळते की आपण शार्लमेन राजाच्या पॅलाडिन सरदारांपैकी एक, डेन्मार्कचा दंतकथेतला वीर आहोत. या एका पुस्तकाने पुढच्या खेळाला व्यवस्था-बेबंदीचे द्वंद्व दिले, पॅलाडिनाची मूर्ती दिली आणि तोडलेले अवयव पुन्हा जोडून उठणारा ट्रोलही दिला.

दुसरे लेखक ब्रिटनचे मायकेल मूरकॉक. त्यांचा एल्रिक हा गोरापान, अशक्त सम्राट 1961 मध्ये 'सायन्स फँटसी' मासिकात प्रथम अवतरला. मूरकॉक यांच्या विश्वात व्यवस्था आणि बेबंदी या दोन वैश्विक सत्ता आहेत आणि दोघींच्या वर एक तोल आहे. बेबंदी जिंकली तर सगळे वितळून जाते. व्यवस्था पूर्ण जिंकली तर सगळे गोठून निर्जीव होते. एल्रिक स्वतः बेबंदीच्या देवतेचा सेवक आहे आणि तरीही वाचकाची सहानुभूती त्याच्याकडेच राहते. अँडरसन यांच्या कथेत व्यवस्थेची बाजू जवळजवळ चांगुलपणाचीच बाजू होती. मूरकॉक यांनी ती गाठ सोडवून टाकली. या दोन परंपरा एकाच खेळात येऊन मिसळल्या आणि पुढच्या अनेक वर्षांचे वाद त्या मिसळणीतून निघाले.

विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात राहणारे गॅरी गायगॅक्स यांनी जेफ पेरेन यांच्यासोबत 1971 मध्ये 'चेनमेल' ही नियमपुस्तिका प्रसिद्ध केली. टेबलावर छोटे सैनिक मांडून मध्ययुगीन लढाया खेळण्याचे हे नियम होते. शेवटी एक काल्पनिक जीवांचे परिशिष्ट जोडले होते. त्यात ड्रॅगन, जादूगार, एल्फ, ऑर्क यांना रणांगणावर आणले होते. असे जीव घेऊन दोन फौजा उभ्या करायच्या तर कोण कोणाच्या बाजूने लढेल, हे आधी ठरवावे लागते. म्हणून परिशिष्टात तीन रकाने दिले: व्यवस्था, तटस्थ, बेबंदी. ड्वार्फ आणि हॉबिट पहिल्या रकान्यात, एल्फ आणि पिक्सी मधल्या, गॉब्लिन आणि ऑर्क तिसऱ्या. काही जीव एकाहून अधिक रकान्यांत होते, कारण जादूगार कोणत्याही बाजूला मिळू शकतो. यादीच्या आरंभीच लेखकांनी सांगून टाकले होते की काल्पनिक जीवांत चांगले आणि वाईट अशी स्पष्ट रेघ ओढणे अशक्य आहे आणि ही विभागणी फौज रचणाऱ्याच्या सोयीपुरती आहे. म्हणजे 1971 मध्ये 'व्यवस्था' या शब्दातून ड्वार्फ किंवा हॉबिट मनाने कसा आहे हे मुळीच कळत नव्हते. तो कोणत्या झेंड्याखाली उभा राहील, एवढेच कळत होते.

त्याच सुमारास मिनेसोटात डेव्ह आर्नेसन यांनी 'ब्लॅकमूर' नावाचा खेळ चालवायला घेतला. त्यात प्रत्येक खेळाडूकडे फौजेऐवजी एकच पात्र होते आणि ते पात्र एका खेळातून पुढच्या खेळात जात, अनुभवाने बळकट होत असे. तिथेही खेळाडू दोन बाजूंत विभागलेले असत. दुष्टांच्या बाजूच्या एका खेळाडूचे पात्र रक्तपिपासू व्हॅम्पायर बनले आणि इतके शक्तिमान झाले की त्याला आवरायला नवा पेशा निर्माण करावा लागला. भुताखेतांना पिटाळणारा, क्रूस धरणारा हा धर्मयोद्धा म्हणजेच क्लेरिक. आज क्लेरिक म्हणजे जखमा बऱ्या करणारा सोबती अशी ओळख असली, तरी तो जन्माला आला तो एका बाजूचा शत्रू थोपवण्यासाठी. क्लास आणि बाजू यांचे नाते इतके जुने आहे.

गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' जानेवारी 1974 मध्ये आला: एका खोक्यात तीन पुस्तिका, पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची. क्लास तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. पात्राने व्यवस्था, तटस्थता किंवा बेबंदी यांपैकी एक पवित्रा घ्यायचा होता, आणि त्याखाली 'चेनमेल'सारखीच जीवांची तीन रकान्यांची यादी. तिन्ही बाजूंना स्वतःची गुप्त भाषाही दिली होती. म्हणजे व्यवस्थेच्या बाजूचा माणूस आणि त्याच बाजूचा ड्वार्फ एकमेकांशी एका समान भाषेत बोलू शकत. ही कल्पना पुढे लोकांना चमत्कारिक वाटली. पण अलाइनमेंट म्हणजे फौज असे धरले की ती समजते, कारण एका पक्षाच्या शिपायांना परवलीचे शब्द लागतातच. क्लेरिकच्या बाबतीत नियम आणखी स्पष्ट होता. सातव्या पातळीपासून त्याने व्यवस्था किंवा बेबंदी यांपैकी एक बाजू धरायचीच, आणि अत्युच्च पदावरच्या क्लेरिकने बाजू बदलली तर त्या पदाचे सगळे लाभ तात्काळ काढून घेतले जात. नियमात शिक्षा होती ती पक्षांतराची. वाईट वागण्याचा तिथे उल्लेखही नव्हता.

वळण घेतले ते 1975 च्या 'ग्रेहॉक' पुरवणीने. त्यात पॅलाडिन आला. करिष्म्याचे गुण किमान 17 असलेला आणि आरंभापासून व्यवस्थेच्या बाजूचा लढवय्या पॅलाडिन होऊ शकत असे. त्याला हात ठेवून जखमा बऱ्या करण्याची शक्ती मिळे. अट अशी की बेबंदीचे एकही कृत्य केले तर पद गेले, आणि ते कधीच परत मिळणार नाही. याआधी बाजू म्हणजे निष्ठा होती. आता एखादे कृत्यच बेबंद ठरू शकत होते, म्हणजे अलाइनमेंट वागण्याचे माप झाली. त्याच पुरवणीत चोर हा क्लासही आला. तो तटस्थ किंवा बेबंदीच्या बाजूचाच असे. व्यवस्थेच्या बाजूचे लोक त्याला एखाद्या सरळ कामगिरीपुरते भाड्याने घेऊ शकत. त्याच वर्षीच्या 'ब्लॅकमूर' पुरवणीतल्या मारेकऱ्याला मात्र तटस्थ ठरवले होते. पैसे घेऊन खून करणारा माणूस कोणत्याच फौजेचा नसतो, हा त्यामागचा हिशेब अजून जुनाच होता.

वागण्याचे माप एकाच अक्षावर ठेवणे फार दिवस जमले नाही. व्यवस्था म्हणजे चांगले आणि बेबंदी म्हणजे वाईट असे खेळाडू धरून चालले होते, पण कायद्याने राज्य करणारा जुलमी राजा कुठे बसवायचा? आणि कायदा मोडून गरिबाला वाचवणारा लुटारू? फेब्रुवारी 1976 मध्ये 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या नियतकालिकात गायगॅक्स यांनी याच प्रश्नावर लेख लिहिला. खेळ नव्याने करण्याची संधी मिळाली असती तर या गोष्टी पहिल्यापासूनच वेगळ्या केल्या असत्या, असे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले. मग व्यवस्था-बेबंदीच्या रेषेला चांगुलपणा-दुष्टपणाची रेषा छेद देते असा आलेख काढला आणि त्यावर खेळातले जीव आपापल्या जागी टिपले. बहुतेक माणसे व्यवस्थेच्या बाजूला, पण चांगुलपणा आणि दुष्टपणा यांच्या सीमारेषेजवळ घुटमळतात, असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्येक पात्रासाठी असा आलेख ठेवावा आणि पात्राच्या कृत्यांप्रमाणे त्याचा ठिपका सरकवत जावे, असेही त्यांनी सुचवले. या संपूर्ण इतिहासातले सर्वात सुपीक पान हेच आहे. दोन अक्ष आले आणि दुष्ट कायदेपंडित व सज्जन बंडखोर अशा दोघांनाही खेळात प्रथमच जागा मिळाली. मूरकॉक यांनी सोडवलेली गाठ खेळाच्या नियमांत आता सुटली.

आलेखातून चौकटी व्हायला दोन वर्षे लागली. जे. एरिक होम्स यांनी संपादित केलेल्या 1977 च्या प्राथमिक संचात पाचच अलाइनमेंट होत्या: चार कोपरे आणि मधली तटस्थता. 1978 च्या 'ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये कडांच्या मधल्या जागाही भरल्या आणि नऊ पूर्ण झाल्या. त्याच पुस्तकात क्लास आणि अलाइनमेंट यांची सर्वात घट्ट बांधणी झाली. पॅलाडिन केवळ लॉफुल गुड. रेंजर चांगलाच हवा. मंक व्यवस्थेचाच. निसर्गाचा तोल राखणारा ड्रुइड चोख तटस्थ. पूर्वीचा तटस्थ मारेकरी आता दुष्टच असला पाहिजे, कारण आता मोजली जात होती ती त्याची करणी. पॅलाडिनावर तर आचारसंहिताच लादली: दुष्टांशी संगत नाही, दहापेक्षा जास्त जादूच्या वस्तू नाहीत, उत्पन्नाचा दहावा हिस्सा दान. बेबंद कृत्य घडले तर वरिष्ठ क्लेरिकपुढे कबुली आणि प्रायश्चित्त. जाणूनबुजून दुष्कृत्य केले तर पद कायमचे गेले. 1979 च्या 'डंजन मास्टर्स गाइड'ने भर घातली की अलाइनमेंट बदललेल्या पात्राची एक पातळी खाली येईल. नऊ चौकटींभोवती विश्वाचा नकाशाही तयार झाला: मृत्यूनंतरचे लोक, देवता, दैत्य आणि पिशाच आपापल्या अलाइनमेंटच्या लोकांत वसलेले. दैत्य व्यवस्थेचे दुष्ट आणि पिशाच बेबंदीचे दुष्ट, असा भेदही त्यात दिसतो.

या काळात टेबलांवर झालेल्या भांडणांचे मूळ याच बांधणीत होते. शरण आलेल्या गॉब्लिनांना पॅलाडिनाने मारावे का? 1971 च्या यादीप्रमाणे गॉब्लिन शत्रूच्या फौजेतला, म्हणून प्रश्नच नाही. 1978 च्या नियमांप्रमाणे हे एक कृत्य आहे आणि त्याचा निवाडा डंजन मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, करायचा. दोन्ही अर्थ एकाच पुस्तकात नांदत होते, त्यामुळे दोन्ही पक्षांना पुस्तकात आधार सापडे. काही रचनाकारांनी हा गुंता सरळ टाळला. 1978 च्या 'रूनक्वेस्ट'ने अलाइनमेंट आणि क्लास दोन्ही काढून टाकले. स्वतः 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या सोप्या संचात टॉम मोल्डवे यांनी 1981 मध्ये पुन्हा तीनच बाजू ठेवल्या.

नंतरच्या आवृत्त्यांचा प्रवास बांधणी सैल होण्याचा आहे. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत बंधने बरीचशी टिकली. बार्बेरियन आणि बार्ड व्यवस्थेचे असू शकत नव्हते, मंक मात्र व्यवस्थेचाच लागे. 2008 च्या चौथ्या आवृत्तीने नऊंच्या पाच केल्या आणि कोणतीच बाजू न घेणाऱ्यांसाठी 'अनअलाइन्ड' हे नाव दिले. खेळाडूंना नऊ चौकटी हव्या होत्या, म्हणून 2014 च्या पाचव्या आवृत्तीत त्या परत आल्या. पण क्लासांवरची अलाइनमेंटची अट गेली. मंक बेबंदीचा चालतो, बार्ड व्यवस्थेचा. जून 2020 मध्ये प्रकाशक 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने जाहीर केले की ऑर्क आणि ड्रो (एल्फांची एक जमात) यांसारख्या लोकांना जन्मतः दुष्ट दाखवणे योग्य नाही आणि पुढील पुस्तकांत त्यांना माणसांइतकेच विविध स्वभावांचे दाखवले जाईल. 2024 च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये तर ऑर्क खेळाडूने निवडायच्या वंशांमध्ये आला. 'चेनमेल'च्या तिसऱ्या रकान्यातला एक शिपाई तिथून मोकळा झाला.

पॅलाडिनाचे काय झाले, हे या इतिहासात स्वतंत्रपणे पाहण्यासारखे आहे, कारण सगळे धागे त्याच्यापाशी येतात. 2014 पासून तो कोणत्याही अलाइनमेंटचा असू शकतो. त्याला बांधते ती त्याने घेतलेली शपथ. भक्तीची, प्राचीनांची, सूडाची अशा निरनिराळ्या शपथा आहेत आणि प्रत्येकीची स्वतःची तत्त्वे आहेत. सूडाची शपथ घेतलेला पॅलाडिन मोठ्या दुष्टाचा नायनाट करण्यासाठी लहान दुष्टाकडे डोळेझाक करू शकतो. 1978 मध्ये एवढ्यानेच त्याचे पद धोक्यात आले असते. शपथ मोडणाऱ्यासाठी 2014 च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये 'ओथब्रेकर' हा पर्याय दिला आहे. तो घ्यायचा तर पॅलाडिन किमान तिसऱ्या पातळीवर पोहोचलेला हवा, आणि दुष्ट हवा.