वाटेतलं एक बेट

वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला आला, एवढं आपण वर्गात शिकवतो. वाटेत तो मोझांबिक बेटावर उतरला होता, हे सहसा राहून जातं.

पाठीवर बॅग टाकून आफ्रिका हिंडणारे तरुण आज या बेटावर चार दिवस आरामासाठी थांबतात. जेमतेम तीन किलोमीटर लांबीचं गाव. निळा समुद्र, जुने दगडी वाडे, चर्च, मशिदी आणि एक हिंदू मंदिरही.

पोर्तुगीज आले तेव्हा हे बेट ओसाड नव्हतं. इथं मुसलमान शेखची सत्ता होती, अरबी व्यापाऱ्यांची गलबतं लागत होती. मूसा बिन बिक या शेखच्या नावावरूनच बेटाला आणि पुढे देशाला नाव मिळालं, असं मानतात.

1752 पर्यंत इथला कारभार गोव्याच्या ताब्यात होता. दीवचे गुजराती व्यापारी कापड आणत आणि हस्तिदंत नेत. माणसंही विकली जात. इथून गुलाम गोव्या-दीवलाही गेले.

उत्तरेकडचे वाडे बांधायला दगड बेटाच्या दक्षिण भागातून काढला. त्या खाणींच्या खोलगट जागेत आजही झावळ्यांच्या छपरांची दाट वस्ती आहे. रस्ता वर, घरं खाली.

1991 साली युनेस्कोने हे बेट जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. पाहुणे बहुधा उत्तरेकडच्या वाड्यांचे फोटो काढतात. पण वाडे किती उंच चढले, हे समजायला दक्षिणेचे खड्डेही पाहावे लागतात. इतिहास शिकवतानाही हेच लक्षात ठेवलेलं बरं.